भांडारात भरीत

नूतनला कॉम्प्युटरसमोर मी बसवलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. ती माझी धाकटी जाऊ. योगेंद्रशी लग्न होऊन शिरपूरहून सुरतेला आली तेव्हा बी.एस्सी.चं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवून ओट्यापाशी लसूण सोलत बसायची. मीच प्रवीणभाईंना म्हटलं, आमच्या घरात एक मुलगी आहे, शिकवली तर शिकेल. एवढंच म्हटलं होतं. माझ्या डोक्यावर येऊन बसेल असं काही म्हटलं नव्हतं.

प्रवीणभाईंचं ऑफिस कतारगामला. खाली हिरे घासायचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही. पांडेसराच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलांना हिशेबासाठी कॉम्प्युटर बसवून द्यायचे, हा धंदा. तेव्हा नव्याण्णव साल चालू होतं आणि प्रवीणभाईंनी नुकतंच विंडोजऐवजी लिनक्स धरलं होतं, कारण ते फुकट मिळायचं आणि फुकट म्हटलं की मिलवाले लगेच हो म्हणायचे. मासिकांबरोबर आलेल्या, मुंबईहून मागवलेल्या अशा सगळ्या सीड्या आम्ही कोपऱ्यातल्या एका मशीनमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. त्या मशीनला आम्ही भांडार म्हणायचो. त्यात हजारावर पॅकेजेस, म्हणजे छोटे छोटे तयार प्रोग्राम होते. एक छपाईचं, एक गुजराती अक्षरांचं, एक मोडेमचं, असं काय काय. आणि एकाचं एकावाचून चालायचं नाही. हे बसवायचं तर आधी ते हवं, ते बसवायचं तर त्याच्याआधी तिसरंच काहीतरी हवं.

आमचा गणपत मिलमध्ये जाऊन हे सगळं बसवायचा. तो निघण्याआधी त्याला लागेल ते सगळं काढून द्यावं लागे. एक जरी राहिलं तर मिलमध्ये काम अडकायचं आणि मिलचे शेठ प्रवीणभाईंना फोनवर झापायचे. ते काढून द्यायचं काम माझं. फॉक्सप्रोमध्ये मी त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. मेनूतून मेनू उघडायचा, पॅकेज शोधायचं, त्याला काय काय लागतं ते छापून घ्यायचं, मग त्यातल्या प्रत्येकासाठी पुन्हा पहिल्यापासून तेच. अर्धा दिवस जायचा, पण गणपत कधी तोंड पाडून परत आला नाही. ‘उज्ज्वलाबेनने काढून दिलंय’ असं तो शेठना सांगायचा, ते मला फार आवडायचं.

त्या वर्षी प्रवीणभाईंनी ठरवलं की पांडेसरातच एक छोटं ऑफिस काढायचं. मिला तिथं, तर आपणही तिथं. त्या ऑफिसला इन्चार्ज लागणार होता. आमचं घर पांडेसरातलंच. रोज दोन शेअर रिक्षा बदलून, गुडघे आवळून कतारगामला जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं, यातून सुटका होणार होती. पण खरं सांगायचं तर रिक्षाचं एवढं नव्हतं. दारावर माझं नाव लागावं, आत हात ठेवायची खुर्ची असावी आणि गणपतने ‘उज्ज्वलाबेनना विचारून सांगतो’ म्हणावं, एवढं मला हवं होतं. चार वर्षं मी तिथं घासली होती. ती खुर्ची माझीच आहे असं मी धरून चालले होते.

आणि मग नूतनने तो प्रोग्राम लिहिला.

पायथन नावाची एक नवीनच भाषा तिनं कुठल्याशा सीडीवर शोधून काढली होती. दुपारी आम्ही डबे खाऊन गप्पा मारायचो तेव्हा ही स्क्रीनला नाक लावून बसलेली. एक दिवस मला म्हणाली, “ताई, जरा बघता का?”

बघितलं. स्क्रीनवर तिनं ‘भांडार’ लिहिलं, पुढे चौकटी कंस टाकला, कंसात पॅकेजचं नाव लिहिलं आणि एंटर मारलं. लगेच सगळं समोर. कुठल्या सीडीवरचं, कितवी आवृत्ती, जागा किती खातं, त्याला आणखी काय काय लागतं. पुन्हा कंसात त्यातलं दुसरं नाव, पुन्हा लगेच उत्तर. मेनू नाही, शोधाशोध नाही. फळीवरच्या डब्याचं नाव घ्यावं आणि डबा आपणहून हातात यावा, तसं.

“एखादी डिक्शनरी असते ना ताई, शब्द बघितला की अर्थ,” ती म्हणाली. “अख्खं भांडार मी तसं करून टाकलंय. आत फायली कशा ठेवल्यात ते बाहेरच्यानं बघायचंच नाही. नुसतं नाव विचारायचं. आणि मिलचं काम सांगितलं की लागेल त्या सगळ्याची यादी तो आपणच काढतो, काय आहे काय नाही तपासून.”

“चांगलंय,” मी म्हटलं. माझी चार वर्षं तिनं एका कंसात बसवली होती आणि मी चांगलंय म्हटलं. डब्यातली शेवटची पोळी तशीच घरी नेली.

त्यानंतर ऑफिसात नूतनशिवाय दुसरा विषय नाही. प्रवीणभाई येता-जाता तिच्या खुर्चीमागे उभे. “आ छोकरी तो जबरी छे!” गणपतसुद्धा. कालपर्यंत माझ्या टेबलापाशी ताटकळणारा गणपत आता तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा. घरी गेलं तर तिथंही तेच. आमच्या सासूबाई शोभाबाई, आम्ही त्यांना माय म्हणतो, भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुन्ही देरानी भलती हुशार शे व.” चार वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं. माझी भाकरी तेवढी पातळ नाही असं मात्र दोनदा म्हटलं होतं.

हिलालला, माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं तर तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, “घरातलीच आहे ना ती?” घरातली आहे हेच तर दुखत होतं. परकी कुणी असती तर संध्याकाळी तिचं तोंड बघावं लागलं नसतं. ही रात्री माझ्याच शेजारी बसून जेवणार, माझ्याच डब्यातलं लोणचं घेणार आणि वर गोड हसणार. तिनं जरा तरी माज करावा, म्हणजे मला धड रागावता तरी येईल, असं वाटायचं. पण तेवढंही सुख ती देत नव्हती.

प्रवीणभाईंनी सांगून टाकलं, येत्या शनिवारी एका मिलचे शेठ ऑफिसात येणार, त्यांना नूतनचं काम दाखवायचं. सोमवारी गणपत त्यांच्या मिलमध्ये सगळं बसवणार. शनिवारचं बघून पांडेसराचा इन्चार्ज ठरवू. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. कळायचं ते मला कळलं.

मग मी तिच्या प्रोग्राममध्ये खोट शोधायला लागले. यात लाजायचं काय? माणूस शेजारणीच्या साडीचा पदरसुद्धा उलटून बघतो. ती योगेंद्रच्या लूनावर मागे बसून लवकर घरी गेली की मी तिच्या मशीनवर बसायचे आणि भांडाराला प्रश्न विचारायचे. लांब नावं, आखूड नावं, पण सगळी भांडारातलीच. सगळ्याची उत्तरं बरोबर. जीव जळत होता नुसता.

शुक्रवारी हात टेकले. डब्यात भरीत होतं, दुपारी खायला झालं नव्हतं म्हणून मशीनपाशीच बसून खात होते. वैतागून कंसात टाइप केलं, भरीत. एंटर मारलं.

भांडारानं उत्तर दिलं: आणायचं आहे.

मी घास तसाच हातात धरून बघत राहिले. मुळात ही भाषा अशी नाही, हे नूतननंच मला एकदा सांगितलं होतं. तिला नाव सापडलं नाही की ती तोंडावर एरर फेकते आणि थांबते. इथं ‘आणायचं आहे’ कुठून आलं? मग मी तिनंच केलेल्या दुसऱ्या सोयीनं विचारलं, भांडारात भरीत आहे का?

उत्तर आलं: आहे.

एकूण पॅकेजेस किती ते विचारलं तर आकडा एकानं वाढलेला. म्हणजे मी भरीत मागितलं आणि मागितल्याबरोबर ते भांडारात जाऊन बसलं होतं. मी तिचा कोड उघडला. तिथं स्वच्छ लिहिलं होतं. नाव सापडलं नाही तर एरर द्यायचा नाही, त्या नावाची रिकामी नोंद करायची, त्यात ‘आणायचं आहे’ लिहायचं आणि तेच परत द्यायचं.

हे कुठून आलं ते मला लगेच उमगलं. आमच्या घरात मीठ, पीठ, तेल, यांना ‘नाही’ म्हणायचं नसतं. डबा खडखडीत रिकामा असला तरी ‘आणायचं आहे’ म्हणायचं. नूतन लग्न होऊन आली त्याच आठवड्यात “तांदूळ नाहीत” म्हणाली होती आणि मायने कपाळाला हात लावला होता. “घरमा नही शे म्हनानं नही, बेटा. आनानं शे म्हन.” नंतर महिनाभर तिला टोकत राहायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिनं ते इतकं अंगी लावून घेतलं की मशीनलासुद्धा नाही म्हणू दिलं नाही.

पण खरी गंमत पुढं होती. सोमवारच्या मिलसाठी तिनं काढलेली यादी मी पुन्हा तपासली. प्रोग्राम लागणारं प्रत्येक पॅकेज आधी नाव घेऊन मागायचा आणि मग ते आहे का बघायचा. मागताक्षणी ते ‘आहे’ होऊन जायचं. त्यामुळे तिच्या यादीत सगळं आहे, सगळं तयार, असंच दिसत होतं. आणि छपाईसाठी लागणारं एक पॅकेज भांडारात मुळात नव्हतंच. मला ते पाठ होतं, कारण ती सीडी मुंबईहून यायची बाकी आहे हे मीच प्रवीणभाईंना सांगितलं होतं. सोमवारी गणपत मिलमध्ये जाणार, सगळं बसवणार आणि बिल छापायच्या वेळी मशीन ठप्प होणार. शेठसमोर, मिलच्या सगळ्या मुनीमांसमोर.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. उरलेलं भरीत मी चवीनं संपवलं. मला काही करायचंच नव्हतं. शनिवारी गप्प बसायचं, सोमवारपर्यंत गप्प बसायचं, झालं. बाईसाहेब आपल्या पायांनी तोंडावर पडणार होत्या आणि पांडेसराची खुर्ची चालत माझ्याकडे येणार होती. भरिताची नोंद पुसली, मशीन बंद केलं आणि रिक्षात गुणगुणत घरी आले. रात्री नूतनला स्वतःहून लोणचं वाढलं.

शनिवारी शेठ आले. पांढरे कपडे, दोन बोटांत तीन अंगठ्या. नूतन मोरपंखी साडी नेसली होती. प्रवीणभाई तिच्या उजव्या हाताला, शेठ डाव्या हाताला, मी मागे भिंतीला टेकून. नूतनने नाव टाकलं, माहिती आली. दुसरं टाकलं, आली. शेठ पुढे वाकले. “एक नाम डाला और पूरी जनमपत्री निकल आई?” मग तिनं त्यांच्या मिलची यादी काढून दाखवली. सगळं आहे, सगळं तयार.

मी मनात म्हणत होते, गप्प बस, उज्ज्वला. दोनच दिवस.

शेठ म्हणाले, “कितना टाइम लगता है इसमें?”

“मिनिट पण नथी लागतो,” प्रवीणभाई छाती फुगवून म्हणाले. “पहिले अर्धा दिवस जात होता. उज्ज्वलाबेन जुन्या पद्धतीनं करत होत्या ना. त्यांना आता आ बधुं नाही जमणार, त्यांची गोष्ट वेगळी.”

तळपायाची आग मस्तकात गेली. नाही जमणार? मला? ज्या बाईला त्यातली खोट दिसली होती तिला नाही जमणार? सोमवारी कळेलच की, असं मनाला सांगून बघितलं. पण सोमवारी फक्त एवढंच कळलं असतं की नूतन चुकली. मला आधीपासून माहीत होतं हे कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. मी जुन्या पद्धतीची ती जुन्याच पद्धतीची राहिले असते. ते मला सोसलं नाही.

“भांडाराला भरीत आहे का विचारा,” मी म्हटलं.

सगळ्यांनी मान वळवून बघितलं. “शुं?” प्रवीणभाई म्हणाले.

मी पुढे झाले, नूतनच्या खांद्यावरून हात घालून टाइप केलं. भरीत. आणायचं आहे. मग भरीत आहे का? आहे. शेठ आधी हसले, मग हसता हसता थांबले. “भरीत है इसमें?”

“मागाल ते आहे,” मी म्हटलं. “नसलेलंही आहे. तुमच्या यादीत छपाईचं एक पॅकेज आहे म्हणतंय ना, ते नाहीये. सोमवारी तुमचं बिल छापलं गेलं नसतं.”

प्रवीणभाईंचा चेहरा उतरला. नूतनचा तर पांढराफटक पडला. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी नाकारणार नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं गार वाटलं.

पण ती रडली नाही. खुर्ची जराशी सरकवून तिनं माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली, “ताई, कुठं चुकलं ते सांगा ना.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तुझं तू बघ म्हणून भिंतीला टेकायला हवं होतं. पण समोर शेठ, बाजूला प्रवीणभाई आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. मला जमत नाही म्हणे! मी सांगत सुटले. नाव नसेल तर भांडारात काही लिहायचं नाही. तुझी ‘आणायचं आहे’ची नोंद वेगळी ठेव, भांडाराच्या बाहेर. आहे का विचारलं की फक्त भांडारात बघ, आणायच्यात बघू नकोस. यादीत दोन्ही दाखव, पण वेगवेगळं. ती मान हलवत भराभर बदलत होती. मी बोलायची आणि तिचे हात चालायचे.

तिनं पुन्हा यादी काढली. आता वर असलेली पॅकेजेस आणि खाली, वेगळं, एकच नाव: आणायचं आहे. छपाईचं.

शेठनी टेबलावर थाप मारली. “ये हुई ना बात! पहले ही पता चल गया क्या लाना है.” प्रवीणभाईंनी तिथूनच मुंबईला फोन लावला आणि ती सीडी अंगडियाबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या खासगी टपालवाल्याबरोबर, सोमवारच्या आत पोचवायला सांगितली. सोमवारी मिलमध्ये पहिलं बिल सरळ छापून निघालं. गणपत पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा नूतनला दिला.

संध्याकाळी प्रवीणभाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. नूतन पांडेसराची इन्चार्ज. “ने उज्ज्वलाबेन, तमे पण त्यां ज, तुम्हीपण तिथंच,” ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले. “नूतन जे लिहील ते तुम्ही तपासायचं. तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. जिच्या पाठीमागे अशी जेठाणी, तिला शुं फिकर?”

घरी आल्यावर नूतन वाकून माझ्या पाया पडली. “ताई, तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर माझं काही खरं नव्हतं. दुसरी असती तर मजा बघत बसली असती.” मायच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली, जन्मात पहिल्यांदा. योगेंद्र जिलेबी घेऊन आला. आणि मी, जिनं दोन दिवस मजा बघायचं पक्कं ठरवलं होतं ती, सगळ्यांच्या मधोमध बसून जिलेबी खात होते. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पांडेसराचं ऑफिस रंगाच्या मिलशेजारी आहे. खिडकीखालच्या गटारातून कधी जांभळं, कधी पोपटी पाणी जातं. दारावर नूतनचं नाव आहे. हात ठेवायची खुर्चीही तिचीच. माझं टेबल तिच्यासमोर. तिनं लिहायचं आणि मी चुका शोधायच्या, त्याचाच मला पगार. मी जीव तोडून शोधते. मला सापडतात, रोज सापडतात. प्रत्येक चूक मी दाखवली की ती नीट करते, काम आणखी चांगलं होतं आणि मिलवाले नूतनबेनचं नाव घेतात.

आज सकाळी एक मोठी सापडली. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असल्या की तिचा प्रोग्राम जुनी काढून देतो, नवी सोडून. कुणाच्याही लक्षात आली नसती. आणि तसली यादी उद्याच एका मिलला जायची आहे. मी स्क्रीनकडे बघत बसले. गिळून टाक, म्हटलं. या वेळी तरी गिळ. जाऊ दे उद्या, पडू दे तोंडावर.

समोर ती पेन्सिल चावत काम करत होती. पुढचे सगळे दिवस मला दिसायला लागले. मी बोलले तर ती मोठी होणार. नाही बोलले तर मला ते दिसलं होतं हे जगात कुणालाही कळणार नाही.

“नूतन,” मी म्हटलं, “इकडे ये.”

“सापडली का, ताई?” ती म्हणाली आणि हसत, खुर्ची मागे लोटून पळतच आली.